शेवटच्या टप्प्यावर खेळच बदलणारे गेम्स

आगाशी

परवा रात्री पावणेदोनला पहिला हाफ-लाइफ एकदाचा संपवला. १९९८ चा गेम. हॉस्टेलवर असताना सुरू केला होता, शेवटाजवळ सोडून दिला होता, आणि का सोडला ते इतक्या वर्षांत पार विसरून गेलो होतो. झेनमध्ये पाय ठेवला आणि लख्ख आठवलं.

(स्पॉयलर अलर्ट: विषयच असा आहे की शेवट उघड होणार. प्रतिसादाच्या सुरुवातीला गेमचं नाव लिहूया, म्हणजे ज्यांना वाचायचं नाही ते पुढे जातील.)

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेत अपघात होतो आणि गॉर्डन फ्रीमन हा शास्त्रज्ञ तिथून जीव वाचवत बाहेर पडायला बघतो. कितीतरी तास आपण बंद बोळांतून, लिफ्टमधून, गोदामांतून फिरतो. कोपऱ्याआडून डोकावायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, सैनिक कुठून घेरणार याचा अंदाज बांधायचा. हाताला त्याची सवय लागते. आणि मग गेम आपल्याला झेन नावाच्या परक्या जगात टाकतो. हवेत तरंगणारे दगड, गुरुत्वाकर्षण कमी, एका दगडावरून दुसऱ्यावर लांब उडी मारायची. आपण फ्रीमनच्या डोळ्यांतून बघत असतो, त्यामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. उडी चुकली की खाली पोकळी. एकाच उडीवर मी वीसेक मिनिटं अडकलो होतो.

गेम अवघड आहे म्हणून मी चिडलेलो नाही. सैनिकांनीही मला कितीदा लोळवलं होतं, पण प्रत्येक वेळी माझं काय चुकलं ते मला कळत होतं. इथे पेपरच दुसऱ्या विषयाचा आला. शाळेत आपण ‘हे आउट ऑफ सिलॅबस आहे’ म्हणून ओरडायचो ना, अगदी तसं वाटलं.

आता याच मालिकेतला दुसरा गेम घ्या, २००४ चा. शेवटी सिटाडेल नावाच्या त्या प्रचंड मनोऱ्यात शिरल्यावर गेमभर जमवलेली सगळी हत्यारं एका यंत्रात जळून जातात. उरते फक्त ग्रॅव्हिटी गन. तोवर तिने आपण खोकी, पिंपं, रेवनहोम या ओसाड गावातली करवतीची पाती उचलून फेकलेली असतात. ती अचानक निळी पडते आणि सरळ जिवंत सैनिकच उचलायला लागते! खेळ बदललाच की. गोळ्या मोजणं संपलं, लपणं संपलं. पण बटणं तीच दोन, एकाने ओढायचं, दुसऱ्याने फेकायचं. सोबतीण अ‍ॅलिक्सने तिच्या डॉग नावाच्या यंत्रमानवाबरोबर चेंडूसारखी फेकाफेक करायला शिकवलं होतं, तीच ही बटणं. मी पहिला सैनिक उचलला तेव्हा खुर्चीतून अर्धवट उठलो होतो.

तिसरं उदाहरण शॅडो ऑफ द कोलोसस, २००५. सोळा महाकाय प्राण्यांच्या अंगावर चढायचं, आणि चढताना आर-वन बटण घट्ट दाबून ठेवायचं, कारण ते सोडलं की पडलात. सोळाही संपल्यावर आधी आपण स्वतःच एक अवजड काळा राक्षस होतो, हात उचलायलाही वेळ लागतो असा. त्यानंतर मंदिरातल्या कुंडाकडे वारा आपल्याला खेचायला लागतो. तिथे तेच बटण दाबून पायरीला, कठड्याला धरून राहता येतं. धरून ठेवलं तरी उपयोग नाही हे हळूहळू कळतं. मी बराच वेळ दाबून ठेवलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट पांढरं पडलं होतं.

म्हणजे शेवटी खेळ बदलायला माझी ना नाही. हाताला जे शिकवलंत, त्यातून तो बदल उगवला पाहिजे, एवढंच मागणं आहे. ब्रदर्स (२०१३) या गेममध्ये तर हे इतकं अचूक जमलंय की पाण्याकाठचा तो प्रसंग मी इथे लिहिणार नाही. खेळलेल्यांना कळेल.

तुमचे अनुभव सांगा. फसलेलेही चालतील.

तिठा

व्हाइस सिटी (२००२).

मस्त विषय. आमच्या कोल्हापुरातल्या नेटकॅफेत निम्म्या पोरांना हा गेम डियाझ या गुंडांच्या म्होरक्याला मारला की संपतो असंच वाटायचं. बंगला आपला झाला, आपला नायक टॉमी मालक झाला, संपलं! पुढे एक-दोन मिशन होतात आणि मग नकाशा सुनासुना. मग आम्ही नुसत्या गाड्या पळवत बसायचो.

खरं तर तिथे गेमची रीतच बदलते. इतके दिवस कोणीतरी काम सांगायचं आणि आपण करायचो. आता धंदे विकत घ्यायचे, ते चालवायचे, गल्ला गोळा करायचा. छापखान्याची मिशन्स आणि बाकीचे पुरेसे धंदे हातात आल्याशिवाय शेवटची दोन मिशन्स उघडतच नाहीत. छापखाना ७०,००० डॉलरला. मालमत्ता घेता येतील अशी इंग्रजी सूचना कोपऱ्यात झरकन येऊन जायची, आणि तासाचे पैसे मोजून बसलेला पोरगा ती वाचणार कधी? मला दीड महिन्याने एका थोरल्या पोराने कानात सांगितलं, ‘छापखाना घे.’ दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझं सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला त्याची साठवलेली नोंद, कोणीतरी पुसून त्यावर आपलं चढवलेलं. पुन्हा पहिल्यापासून खेळलो.

आज विचार करतो तर बदल अगदी बरोबर वाटतो. हाताखालचा माणूस मालक झाला की त्याला काम सांगणारं कोणी उरत नाही, स्वतःच शोधावं लागतं. फक्त तो बदल आमच्यापर्यंत पोचला नाही.

अंगणवेल

हाफ-लाइफ.

आगाशी, तुमचा मुद्दा पटतो पण उदाहरणात एक चूक आहे. लांब उडी गेममध्ये शिकवलेली आहे. मुख्य मेनूमध्ये हॅझर्ड कोर्स म्हणून वेगळा सराव आहे, त्यात धावता धावता वाकून उडी कशी मारायची हे नीट करून घेतात. बहुतेक जण तो टाळून थेट गेम सुरू करतात.

आणि झेनची बाजू मला घ्यावीशी वाटते. परकं जग परकं वाटायलाच हवं. तिथेही मी तेच बोळ आणि तेच सैनिक मारले असते तर प्रवास कशासाठी केला? पहिल्यांदा तो आवाज ऐकला, ते हिरवट आकाश पाहिलं, तेव्हा मी हात आवरून नुसती उभी राहिले होते. तो भाग घाईत झालाय हे मात्र मान्य. ब्लॅक मेसा या नावाने चाहत्यांनी हा गेम नव्याने बांधला, २०१२ मध्ये फुकट दिला, तेव्हा त्यात झेन नव्हतंच. ते पूर्ण होऊन आलं २०२० मध्ये. इतकी वर्षं त्या लोकांनी एका नावाजलेल्या फसलेल्या भागावर घालवली. त्यांना त्यात काहीतरी दिसलं असणारच. जमल्यास तो खेळून पाहा.

आगाशी

अंगणवेल, धन्यवाद. काल हॅझर्ड कोर्स काढून बसलो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, उडी शिकवलेली आहे. माझं वाक्य मागे घेतो.

पण मग तक्रार वेगळ्या शब्दांत मांडतो. जूनमध्ये एक धडा शिकवला. घटक चाचणीत विचारला नाही, सहामाहीत विचारला नाही, आणि वार्षिक परीक्षेत वीस मार्कांना तोच. उडीचं ते यंत्र आपल्याला मिळतं झेनच्या दारात, लॅम्डा कॉम्प्लेक्समध्ये. मधल्या काळात सरावाला जागाच नाही. ब्लॅक मेसा उतरवून घेतोय.

माळावरचा

रेड डेड रिडेम्पशन (२०१०). शेवट सांगतोय, सांभाळा.

मंगळवेढ्याकडचा आहे, घरी आठ म्हशी. त्यामुळे या गेमचा शेवट मला जसा लागला तसा माझ्या इंजिनियर मित्रांना लागला नाही. ते म्हणतात, ‘टोळीचा म्होरक्या डच मेला तिथेच संपवायचा ना, पुढे काय गुरं हाकायला लावली!’

१९११ सालची गोष्ट. जॉन मार्स्टनच्या बायको-मुलाला सरकारी माणसांनी धरून ठेवलंय आणि जुन्या टोळीतल्या सोबत्यांना संपव म्हणून त्याला कामाला लावलंय. गेमभर आपण घोडा आणि बंदूक. डच गेल्यावर जॉनला घरी सोडतात आणि गेमचा श्वासच बदलतो. गुरं वळवायची, पोराला शिकारीला न्यायचं, त्याच्याशी धड बोलता येत नाही ते सहन करायचं. बारीकसारीक कामं, तास दोन तास.

गुरं हाकणं गेमने आधीच शिकवलंय, हे लक्षात घ्या. सुरुवातीला जॉन बॉनी नावाच्या बाईच्या वाड्यावर जखमी होऊन पडला होता, तेव्हा उपकार फेडायला तो तिची गुरं वळवतो. घोडा कळपाच्या फार मागे ठेवला तर गुरं रेंगाळतात, अंगावर घातला तर उधळतात, बाजूने चालवला तर सरळ जातात. आमच्याकडे म्हशींचंही हेच. सुरुवातीला दुसऱ्याच्या दारात केलेलं काम शेवटी स्वतःच्या दारात करतो.

आणि मग गोठ्याचं दार. जॉन दोन्ही फळ्या ढकलून बाहेर येतो, समोर शिपायांची रांग. डेड आय सुरू होतं, म्हणजे वेळ मंदावते आणि आपण एकेकाला खूण करून गोळी घालायची. गेमभर या युक्तीने आपण कधी हरलो नव्हतो. इथे मोजायला सुरुवात केली तेव्हाच कळलं, माणसं जास्त आहेत. तरी जेवढे टिपता आले तेवढे टिपले.

पुढे १९१४ मध्ये आपण त्याचा मुलगा जॅक होऊन फिरतो. तोच घोडा, तीच बटणं. मला दोन दिवस गेम उघडवला नाही.

पश्चिमवारा

प्रिन्स ऑफ पर्शिया, पहिला, १९८९.

धागा वाचून राहवलं नाही. मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असणार. आमच्या वेळी कॉम्प्युटर क्लासमध्ये तास संपल्यावर सर पंधरा मिनिटं गेम खेळू द्यायचे. राजपुत्राला साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. पंधरा मिनिटांत कोण पोचणार? म्हणून आम्ही चौघांनी मिळून कागदावर नकाशे काढले होते, कुठे फरशी पडते, कुठे सुळे बाहेर येतात.

पहिल्या पातळीवर राजपुत्राकडे तलवारही नसते. ती शोधायची, मग पहारेकऱ्याशी लढायचं. चौथ्या पातळीवर एक आरसा आडवा येतो, त्यातून उडी मारली की आपलंच प्रतिबिंब बाहेर पडून पळून जातं. पुढे ते आपलं औषध पितं, आपल्या तोंडावर दार बंद करतं. आणि बाराव्या पातळीवर तलवार घेऊन समोर उभं राहतं.

आम्ही अर्थातच लढलो. त्याला एक वार बसला की आपलाही जीव दाखवणारा एक त्रिकोण कमी होतो. त्याला मारलं की आपण मेलो. कितीतरी आठवडे चौघे आलटून पालटून मेलो. शेवटी आमच्यातली एक मुलगी, जी एरवी मागे उभी राहून फक्त बघायची, म्हणाली, ‘तलवार ठेवून दे ना.’ खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यान केली, समोरच्यानेही केली. चालत पुढे गेलो, दोघे एक झाले, पडदा लखलखला. पुढे फरशी नव्हतीच, पण धावत सुटलो तर पायाखाली एकेक फरशी येत गेली.

पुढे कधीतरी वाचलं, जॉर्डन मेकनरने हा गेम अ‍ॅपल टू या छोट्या यंत्रावर केला होता आणि आणखी एका पात्राच्या चित्रांसाठी मेमरीत जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून, स्वतःवरच उलटी छापून त्याने ती छाया तयार केली. त्या राजपुत्राच्या हालचालीही त्याच्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून, चित्रण करून काढलेल्या.

आगाशींच्या भाषेत सांगायचं तर तलवार म्यान करायचं बटण पहिल्यापासून होतं. ते वापरायची गरज एकदाच पडते.

शेवंती

ब्रदर्सबद्दल कोणीच पुढे काही लिहू नका, प्लीज! मी आणि दादा दिवाळीत खेळणार आहोत. एकच कंट्रोलर आहे, पण त्यात डावी काठी (जॉयस्टिक) थोरल्या भावाची आणि उजवी धाकट्याची, असं वाचलं. म्हणजे एकेक हात दोघांनी घ्यायचा. बाकी धागा वाचनखुणांत साठवलाय.

उंबरठा

मी पुण्यात एका लहान स्टुडिओत गेम टेस्टिंगचं काम करतो, म्हणून या बाजूचं थोडं सांगतो.

गेमची सुरुवात आमच्या हाताखालून शेकडो वेळा जाते. नवीन माणूस आला की त्याला पहिली पातळी खेळायला बसवायचं, तो कुठे अडखळतो ते बघायचं, दुरुस्त करायचं. शेवटची पातळी बनतेच शेवटी. तेव्हा तारीख डोक्यावर असते, आणि तिथपर्यंत खेळत आलेला ताजा माणूस मिळत नाही. मग आम्हीच खेळतो, ज्यांना सगळं पाठ आहे. आम्हाला ती उडी सोपीच वाटते. हाफ-लाइफ १९९७ मध्ये येणार होता, पण झालेलं बरंचसं काम मोडून त्यांनी नव्याने बांधलं आणि तो नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. झेनची घाई त्या ओढाताणीतली आहे.

दुसरं म्हणजे शेवटी काहीतरी भव्य हवं असा आग्रह असतो. भव्य म्हणजे नवीन असं समीकरण करून लोक फसतात. हॅलोचा (२००१) शेवट पाहा. स्फोट व्हायला आलेल्या जहाजातून वॉर्टहॉग गाडी पळवायची, वर घड्याळ उलटं चालू. नेमबाजीच्या गेमचा शेवट गाडीच्या शर्यतीने! तरी कोणाची तक्रार नाही, कारण ती गाडी दुसऱ्या पातळीपासून आपण चालवतोय, तिचं मागचं चाक कसं घसरतं ते मनगटाला माहीत आहे. तेच मी आमच्या बैठकीत गेल्या महिन्यात मांडलं. आमच्या गेममध्ये शेवटी होडी वल्हवायची आहे. आता ती तिसऱ्या पातळीत एकदा आणि सहाव्यात एकदा येणार.

सोनचाफा

मेटल गियर सॉलिड ४ (२००८).

एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. माझ्या बहिणीच्या उजव्या हाताच्या नसांना अपघातात इजा झाली. बटण दाबून धरणं जमतं, नेम धरणं जमतं, हळूहळू सगळं जमवलं तिने. लपतछपत जाण्याचे गेम्स तिला म्हणूनच आवडतात, डोकं चालवायचं, घाई नाही. हा गेम तिने दोन महिने पुरवून पुरवून खेळला.

शेवटाजवळ सूक्ष्मलहरींनी भाजणारी एक मार्गिका येते. गेमचा नायक स्नेक सरपटत जातो आणि आपण त्रिकोणाचं बटण भराभर दाबत राहायचं. प्रसंग जबरदस्त आहे, त्याच्या वेदना आपल्या हाताला जाणवाव्यात हाच हेतू आहे. पण तिच्या हाताला ते शक्यच नव्हतं. तिने तीन वेळा प्रयत्न केला, मग न बोलता कंट्रोलर माझ्याकडे दिला आणि तोंड फिरवून बसली. दोन महिने तिने खेळलेला गेम शेवटी मी पार केला.

शेवटी खेळ बदलताना बनवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अनचार्टेड ४ मध्ये (२०१६) भराभर दाबण्याऐवजी नुसतं धरून ठेवायची सोय आहे, लास्ट ऑफ अस २ मध्ये (२०२०) तर अशा सोयींची मोठी यादी आहे. ते दोन्ही तिने स्वतःच्या हाताने संपवले. उंबरठा, तुमच्या होडीचं वल्हं कसं मारायचं ठरवलंय?

उंबरठा

सोनचाफा, आत्ता तरी भराभर दाबायचं आहे. उद्या सकाळी पहिलं काम हेच. धरून ठेवायचा पर्याय घालायला फार वेळ लागू नये. बहिणीला चाचणीसाठी खेळायला आवडेल का? व्यक्तिगत निरोप करतो.

तिठा

नीर ऑटोमाटा (२०१७). हा शेवट अजून कोणी लिहिला नाही म्हणून.

तलवारबाजीचा गेम, पण सगळ्यात शेवटी श्रेयनामावली सुरू होते आणि ती नावंच आपल्यावर गोळ्या झाडायला लागतात. छोटंसं विमान आपलं. पहिल्याच प्रसंगात असं उडणं-झाडणं गेमने करून घेतलंय, नंतर हॅकिंगच्या खेळातही, म्हणून हात बिचकत नाही. पण एकट्याने पार होत नाही. मरत राहिलो की जगभरातल्या खेळाडूंनी लिहून ठेवलेले धीराचे शब्द दिसायला लागतात. मग विचारतात, मदत घेणार का? हो म्हटलं की इतरांची विमानं भोवती येऊन आपल्यावरच्या गोळ्या स्वतः झेलतात.

ती मदत कुठून आली ते शेवटी कळतं. तुम्हालाही कुणाला मदत करायची असेल तर स्वतःचं सगळं सेव्ह पुसावं लागेल, असं गेम विचारतो. नेटकॅफेत माझं सेव्ह पुसलं गेलं तेव्हा मी रडलो होतो. या वेळी हो म्हटलं.

शेवंती

ब्रदर्स. आता मीच शेवट लिहितेय, ज्यांना खेळायचाय त्यांनी इथे थांबा.

पाडव्याच्या रात्री संपवला. साडेतीन तास लागले. दादा डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये कंट्रोलर, माझा उजवा हात आणि त्याचा डावा. वडील आजारी, औषधाचं पाणी आणायला दोघे भाऊ निघतात. भाषा कुठलीच नाही, बनवलेली बोली आहे. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई त्याच्यासमोर बुडाली. म्हणून नदी आली की थोरला पोहतो आणि हा त्याच्या पाठीला धरून. पहिल्या दोन नद्यांना दादा मला म्हणत होता, ‘तू नुसती धरून राहा, बाकी मी बघतो.’

शेवटाकडे थोरला मरतो. त्याला खड्ड्यात ओढून माती माझ्या काठीनेच लोटायची होती. दादाने हात काढून मांडीवर ठेवला. त्याच्या बाजूच्या काठीला आता काही कामच नव्हतं.

मग घराजवळ येऊन पुन्हा पाणी. पाऊस, अंधार. मी त्याला पुढे नेते तर तो काठावर थांबतो. माझं बटण दाबलं, काठी सगळीकडे फिरवली, दुसरी वाट आहे का बघून आले. नाही. चार-पाच मिनिटं मी त्या पोराला नुसती पाण्यापाशी नेत होते आणि तो मागे सरत होता. मी म्हटलं, ‘दादा, अडकलं वाटतं, पुन्हा सुरू करू का?’

तो काही बोलला नाही. मांडीवरचा हात उचलून त्याने कंट्रोलरच्या डाव्या बाजूला ठेवला आणि त्याचं बटण दाबून धरलं. माझा पोरगा पाण्यात उतरला.